सायराबीचा पांढरा मका

दगडवाडीच्या सायराबीला मक्याचं बी निवडताना बघणं ही एक करमणूकच होती. सासूनं नव्या सुनेला बघावं तशी ती एकेका ताटाला वरून खालपर्यंत बघायची. बुंधा जाड आहे का. कणीस ताटाच्या मध्यावर धरलंय, का उगीच शेंड्याकडं चढून वाऱ्यावर डुलतंय. कणसाची पानं टोकापर्यंत घट्ट मिटलीत का. टोक उघडं दिसलं की बाईचं नाक मुरडलंच. "पदर सांभाळता येत न्हाय व्हय गं तुला? पाखरं बोलवायलीस?" असं त्या मुक्या ताटाला सुनावून ती पुढं जायची. बांधावरून जाणारं माणूस हे ऐकून थांबायचं, हसायचं. त्यालाही ती सोडायची नाही. "हसा, हसा. घरी जाऊन बायकूला इचारा, तुमाला पसंत करताना तिच्या बापाचं काय काय बघायचं ऱ्हाऊन गेलं ते!"

पसंत पडलेल्या ताटाला ती चिंधी बांधायची. त्या ताटाचं कणीस बियाला. खळ्यावरच्या ढिगातून बी काढणं तिला पटायचं नाही. ढिगात सगळीच कणसं गोमटी दिसतात. कुठलं ताट पावसानं ओढ दिल्यावरही तग धरून उभं राहिलं आणि कुठलं पाण्याच्या दांडाला चिकटून आयतं पोसलं, ते ढिगात कुठं कळतं? म्हणून उभ्या पिकातच निवडायचं, आणि तेही कडेची ताटं सोडून आतली. चिंधीची कणसं जागेवरच खडखडीत वाळू द्यायची, मग त्यांची पानं मागं ओढून वेणी घालायची आणि चुलीवरच्या आढ्याला टांगायची. धुरानं वेणी काळीकुट्ट व्हायची, पण किडा तिकडं फिरकायचा नाही.

त्या चिंध्या बाबामियाँच्या पटक्याच्या होत्या. बाबामियाँ म्हणजे सायराबीचा नवरा.

हा भूमकडचा माळाचा मुलूख. इथं माणूस ज्वारीवर जगतं, मका कोण पेरतं? पण बाबामियाँनं बिदरकडच्या आपल्या मामाच्या गावाहून हे पांढरं बी आणलं होतं. मोत्यासारखा दाणा, भाकरी मऊ, आणि ताट म्हशीला गोड. विहिरीजवळच्या तुकड्यात तो ते लावायचा. त्याआधी उन्हाळ्यात धनगराची मेंढरं त्या तुकड्यात बसवायची, वर उकिरड्याचं शेणखत आणि चुलीची राख टाकायची. चिंधी बांधून बी धरायची रीतही त्याचीच. सायराबीनं सगळं त्याच्याकडून उचललं. बडबड तेवढी तिची स्वतःची.

अठ्ठेचाळीसच्या भादव्यात मका दुधात होता. निजामाचं राज्य जाण्याचे ते दिवस. चहूकडं गडबड, आज या गावात मुसलमानांची घरं लुटल्याचं ऐकावं, उद्या त्या गावात. बाबामियाँची बहीण परंड्याला एकटी होती. तो म्हणाला, "तिला घिऊन येतो. मका वाळायच्या आत माघारी येतो." गफार तेव्हा रांगत होता. त्याला एकदा उचलून बाबामियाँ निघून गेला. पटका घरातच ठेवला. डोक्याला टॉवेल गुंडाळून गेला, वाटेत ओळखू येऊ नये म्हणून.

तो आला नाही. वाटेत काय झालं ते सायराबीला कधीच कुणी सांगितलं नाही, आणि पुढं पुढं तिनंही विचारणं सोडलं.

तो गेला त्याच आठवड्यात तिला आणि गफारला शेजारच्या वावराच्या धन्यानं, कोंडीरामानं, आपल्या घरी नेलं. त्याच्या बायकोनं, विठाबाईनं, स्वतःचं हिरवं लुगडं सायराबीला नेसवलं, कपाळ भरलं, चुलीपुढं बसवलं आणि आल्यागेल्याला सांगितलं, "माझी बहीण हाय, वाशीची." सायराबीच्या भाकरी तेव्हा इतक्या वाकड्या व्हायच्या की कुणी तव्यात डोकावलं असतं तर तिथंच पितळ उघडं पडलं असतं. पुढं कितीतरी वर्षं विठाबाई तिला चिडवायची, "भाबी, माझं लुगडं कवा देतीस?" सायराबी म्हणायची, "आधी बहीण मानलीस न्हवं? बहिणीला लुगडं दिऊन माघारी मागत्यात व्हय?"

गडबड निवली तशी ती घरी गेली. घरातलं भांडंकुंडं गेलं होतं. मका मात्र उभा होता. बाबामियाँनं जाण्याआधी चिंधी बांधलेल्या एकाही ताटाला कुणाचा हात लागला नव्हता, कारण कोंडीराम रोज त्या बांधावर जाऊन बसत होता. कणसं वाळल्यावर त्यानंच ती तोडली, पानं मागं ओढली आणि ओबडधोबड वेणी घालून तिच्या हातात दिली. तो तसा कमीच बोलायचा. घरात विठाबाई असल्यावर त्याला बोलायला जागा तरी कुठं होती?

तेव्हापासून दोन घरांची एक रीत पडली. मृगाचा पाऊस झाला की दोन्ही वावरांत मका एकाच दिवशी पेरायचा. बैल कोंडीरामाचे, बी सायराबीचं, आणि दोन्हीकडं चाड्यावर मूठ धरायला सायराबीच. पाभरीमागं चालत तिच्या चाड्यात, लाकडी वाटीत, बी सोडायला हात सारखा लागतो. तिचा हात तसा होता. दिवस मावळता मावळता पाभरीचं शेवटचं तास दोन्ही वावरांच्या बांधावर संपायचं आणि तिथंच बसून सगळे भाकरी खायचे.

आणखी एक गोष्ट होती, ती सायराबी कुणाला सांगायची नाही, पण विठाबाईला कळलेली होती. सायराबीनं आपला मका कधी हिरवा कापला नाही. कोंडीराम आपल्या बैलांना वैरणीला हिरवं ताट ओढायचा. सायराबीची म्हैस दावणीला ओरडली तरी ती ज्वारीचा कडबा टाकायची, मक्याला हात लावायची नाही. सगळं वावर वाळेपर्यंत उभं ठेवायची. मका वाळायच्या आत येतो म्हणून सांगून गेलेल्या माणसासाठी कुणी आणखी काय करणार?

*

महाराष्ट्र होऊन दोनतीन वर्षं झाली होती, तेव्हाची ही हकीकत. त्या साली तालुक्याच्या ब्लॉक ऑफिसातून नवीन मक्याचं बी आलं. पिवळं, संकरित. ग्रामसेवक रामकिसन सायकलवर पिशवी बांधून गावोगाव हिंडत होता. भला पोरगा, उन्हातान्हात फिरून काळवंडलेला, आणि सायराबीनं गुळाचा चहा दिला की दोन कप पिणारा. त्यानं कोंडीरामाला नमुन्याची शेती करायला राजी केलं. सोबत पांढरं मिठासारखं खतही दिलं.

कोंडीरामाला बी मिळालं, पण भाबीला सांगायचं धाडस होईना. पेरणीच्या सकाळी तो पिशवी पाठीमागं धरून उभा राहिला.

"काय लपवायलाव भाऊ? विठासाठी बांगड्या आणल्या का काय?"

"न्हाय वो भाबी. ते... औंदा साहेबानं बी दिलंय."

सायराबीनं पिशवीत हात घातला, पिवळे दाणे तळहातावर घेतले. "म्हंजे आमचं बी म्हातारं झालं म्हणा की."

कोंडीराम खाली बघायला लागला. त्याचा चेहरा बघून तिला हसू आवरेना. "आवं चेष्टा केली. उचला पाभर. मूठ मीच धरणार, दुसऱ्या कुणाला धरू दिली तर भांडण हुईल, सांगून ठिवते."

आणि तिनं आपल्या हातानं ते पिवळं बी कोंडीरामाच्या वावरात सोडलं, आणि त्याच दिवशी बांधाच्या अलीकडं आपलं पांढरं. दोन्ही मिळून उगवलं, मिळून वाढलं. कोंडीरामाचा मका तर बघत राहावं असा. माणसाच्या वर गेला, रंग काळाभोर हिरवा. गफार आता मिसरूड फुटलेला गडी झाला होता. तो जेवताना रोज आईला टोचायचा. "अम्मा, भाऊचा मका बघ अन् आपला बघ."

"बघितला. तो खतावर फुगलाय. आपला मेंढराच्या लेंडीवर जगलाय. दम निघूंदे जरा."

पोळ्यापर्यंत पाऊस ठीक होता. पोळा झाला आणि पावसानं तोंड फिरवलं. आभाळ कोरं. विहीर तळाला गेली, मोटेत पाण्यापेक्षा गाळ जास्त यायला लागला. दुपारी कोंडीरामाच्या उंच मक्याची पानं सुरळीसारखी वळायला लागली. सायराबीचा थोडा उशिरा वळायचा, इतकाच फरक. खरीप असा गेला, आणि रब्बीची ज्वारी पेरायला जमिनीत ओल नव्हती. ज्वारी नाही म्हणजे कडबा नाही. कडबा नाही म्हणजे दावण रिकामी. सायराबीची भुरी म्हैस गाभण होती, माघात विणार होती. तिच्या दुधाचा खवा करून गफार भूमच्या बाजारात न्यायचा, त्यावर घर चालायचं. कोंडीरामाचे बैल दोन्ही घरांची शेती ओढायचे.

रामकिसन आला. सायकल बांधाला टेकवून त्यानं कोंडीरामाच्या मक्यातलं एक कणीस सोललं, दाणा नखानं दाबला. घट्ट दूध निघालं.

"चाची, हीच येळ हाय. दाणा दुधातनं चिकात चाललाय, ताट अजून हिरवं हाय. आता कापून, तुकडे करून खड्ड्यात दाबला की त्याचा मुरघास हुतो. वरनं हवा लागू दिली न्हाय तर उन्हाळ्यापस्तोर ओला चारा. थांबलात तर इहिरीत पानी न्हाय, दाना भरनार न्हाय आन ताट बी वाळून जाईल."

"मग भाऊंचा दाबा की."

"एका वावरानं खड्डा भरत न्हाय चाची. अर्धा खड्डा ऱ्हायला तर आत हवा ऱ्हाती, सगळं कुजतं. दोघांचा मका लागतो."

सायराबी म्हणाली, "माझा मका हिरवा कापायचा न्हाय." आणि चहाचं आधण ठेवायला आत निघून गेली. रामकिसननं कोंडीरामाकडं बघितलं. कोंडीराम म्हणाला, "त्यांना काय म्हनू नका साहेब." त्याचे बैल उपाशी राहणार होते, तरी तो एवढंच म्हणाला.

गफार गप्प बसणारा नव्हता. "अम्मा, भुरी मेली तर काय करशील? बाजारात कसाबाला देशील?"

"अल्ला बघून घील."

"अल्लानं ग्रामसेवक धाडलाय न्हवं! आनखी काय करावं त्यानं?" मग त्यानं वावराकडं हात केला. "बापाचं बी, बापाचं बी. म्या बाप बघितला न्हाय, अम्मा. म्या निस्ता मका बघितलाय."

सायराबी चुलीतली लाकडं मागं ओढायला लागली. तो उठून बाहेर गेला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पटका घेऊन मक्यात शिरली. पटक्याचा आता हातभर तुकडाच उरला होता. तिनं मनात धरलं होतं, निदान बियापुरतं आधी बांधून ठेवू, बाकीचं मग बघू. दुष्काळात तर बी आणखी चांगलं निवडता येतं. तग धरणारी ताटं आपण होऊन पुढं येतात. एक ताट तिला मनापासून आवडलं. बुंधा जाड, कणीस खाली झुकलेलं, पानं टोकापर्यंत मिटलेली. "ये गं बाई, तू माझ्या घरात शोभशील," असं म्हणत तिनं कणसाचं पान जरासं बाजूला केलं.

पांढऱ्या दाण्यांत पिवळे दाणे होते. इथं एक, तिथं तीन, एका ओळीत तर सलग.

तिला वाटलं, रोग पडला. तिनं दुसरं कणीस उघडलं. त्यातही पिवळे. बांधाच्या कडेचं उघडलं. त्यात तर पिवळेच जास्त. वावराच्या पार मधलं उघडलं. तिथं कमी, पण होतेच. मग ती उघडतच सुटली. एरवी कणसाचा पदर सुटलेला न चालणारी बाई, पण त्या सकाळी तिनं सगळ्या वावराचे पदर सोडले. शेवटी मातीत बसली.

विठाबाई विहिरीवर घागर घेऊन आली होती. मक्यातून नेहमीची बडबड ऐकू येईना, म्हणून ती आत शिरली.

"भाबी, काय झालं गं? साप बिप चावला का काय?"

सायराबीनं कणीस पुढं केलं. विठाबाईनं बघितलं, बांधापलीकडच्या पिवळ्या मक्याकडं बघितलं, आणि तीही तिच्याशेजारी बसली. दोघी बायका बोलत नाहीत असं दगडवाडीत कधी घडलं नव्हतं.

गफारनं रामकिसनला शोधून आणलं. त्यानं कणीस हातात घेतलं आणि फिरवून बघितलं.

"रोग न्हाय चाची. पलीकडल्या तुऱ्याची भुकटी वाऱ्यानं उडून तुमच्या कनसाच्या केसावर पडली. ज्या दान्याला पिवळ्याची भुकटी लागली, तो ह्याच साली पिवळा हुतो. दोन्ही मक्याला तुरे एकाच येळी आले, म्हनून झालं. पेरा मागं-पुढं केला असता तर..." तो ओशाळला. "म्याच सांगाया पायजे हुतं. माझ्या ध्यानातच आलं न्हाय का तुमी दोघं एकाच दिवशी पेरता."

कोंडीराम बांधावर उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. ज्या बांधावर बसून त्यानं हे बी राखलं होतं, त्याच बांधावर तो उभा होता. त्यानं डोक्यावरचं मुंडासं काढलं आणि हातात धरलं, आणि तसाच घरी गेला. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही बैल सोडायला उठला नाही. विठाबाई सांगत आली, "भाबी, धनी भितीकडं तोंड करून पडल्यात. म्या शिव्या दिल्या तरी उठंनात."

"तुझ्या शिव्यांची सवय झाली आसंल."

पण सायराबी उठली. कोंडीरामाच्या घरात ती कधी पाहुणी म्हणून गेली नव्हती. थेट आत गेली आणि उंबऱ्याशी बसली.

"भाऊ."

कोंडीराम उठून बसला, पण वर बघेना.

"भाबी, तवा एवढं राखलं, अन् आता म्याच घालवलं बघा. बाबामियाँ आला तर त्याला काय तोंड दाखवू?"

चौदा वर्षं दोन्ही घरांत कुणी हे वाक्य मोठ्यानं बोललं नव्हतं. सगळे बोलायचे ते मक्याबद्दल. विठाबाई दारात होती, तिनं पदर तोंडाला लावला.

सायराबीनं बोटानं सारवलेल्या जमिनीवर एक रेघ ओढली. मग म्हणाली, "ते न्हाय यायचे, भाऊ. तुमाला बी ठावं हाय, मला बी ठावं हाय. यायचे असते तर पहिल्याच साली आले असते. त्यांचा शब्द लई पक्का हुता." तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "अन् मक्याचं म्हनाल तर मूठ कुणाची हुती? माझीच न्हवं? मग भितीकडं तोंड करून म्या पडायला पायजे. तुमी का जागा अडवून बसलाव? उठा. बैलास्नी उपाशी ठिवून माझा मका राखता व्हय?"

तिनं कोपऱ्यातला विळा उचलला. तो विठाबाईचा होता, धार बोथट. वाटेनं ती त्या धारेलाही नावं ठेवत गेली.

वावरात पोचल्यावर ती थेट आत शिरली. मधल्या भागातली, कमी पिवळे दाणे असलेली ताटं तिनं निवडली आणि कमरेला खोचलेला पटक्याचा उरलेला तुकडा फाडून चिंध्या बांधल्या. ती उभी राहणार होती. मग बांधाकडून पहिल्या ताटाला तिनं हात घातला. ताट हिरवं होतं, रसरशीत. तिनं एकदा परंड्याच्या वाटेकडं बघितलं. त्या वाटेवर एक बैलगाडी होती, भूमकडं जाणारी, रिकामी. विळा ओढला तसा ताटातून पाण्याचा थेंब आला आणि तिच्या हातावर पडला. गफार मागं उभा होता. त्यानं आईच्या हातातून विळा घेतला नाही. दुसरा विळा घेऊन तिच्या शेजारच्या तासाला लागला.

*

खड्डा माळाच्या उंच अंगाला खणला होता, मुरमात, पाणी आत उतरू नये म्हणून. दोन्ही वावरांचा मका आला. खरं सांगायचं तर कोंडीरामाच्या उंच मक्यानंच खड्ड्याचा मोठा भाग भरला, सायराबीचा कडेपर्यंत यायला लागला. सायराबीच्या एकटीच्या मक्यानं तळही झाकला नसता. हे तिनं स्वतःच सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. "म्या लई नावं ठिवली तुमच्या पिवळ्याला, भाऊ. चारा म्हनून मातर बहाद्दर हाय."

बायका ठोकळ्यावर कोयत्यानं ताटं तोडत होत्या, तुकडे टोपल्यांनी खड्ड्यात पडत होते आणि कोंडीरामाचे बैल त्यावर गोल गोल फिरून तुडवत होते. रामकिसन धोतर खोचून स्वतः खड्ड्यात उतरला होता. "दाबा! हवा ऱ्हायला नको!" वरून गवत, त्यावर शेणमातीचा जाड लेप. पुढं बरेच दिवस सायराबी रोज जाऊन त्या लेपाला भेगा पडल्यात का बघायची, आणि पडली असेल तर चिखलानं बुजवायची.

चिंधीच्या ताटांना ती घागरीनं पाणी घालत होती, विहिरीत जे काही साठायचं त्यातलं. ती वाळली. कणसं घरी आली. या खेपेला वेणी घातली नाही. परातीत कणसं सोलून सायराबी, विठाबाई आणि गफार गोल बसले. रामकिसननं एक गोष्ट सांगून ठेवली होती: पिवळी भुकटी लागली की दाणा पिवळा दिसल्याशिवाय राहत नाही, मग जो पांढरा राहिला, तो पांढऱ्यावरच धरलेला, तुमचाच. म्हणून एकेक पांढरा दाणा वेचून वाटीत, पिवळा कोंबड्यांना.

गफारची बोटं जाड. पण तो कुणाआधी थांबला नाही. एकदा पिवळसर छटेचा दाणा त्याच्या हाती आला. त्यानं उजेडाला धरून बघितला, पुन्हा बघितला, आणि कोंबड्यांकडं टाकला. आईनं बघितलं आणि मान खाली घातली. शेवटी एक लहानसं गाडगं कसंबसं भरलं. सायराबीनं त्यात राख मिसळली, फडक्यानं तोंड बांधलं आणि गाडगं उचलून विठाबाईच्या मांडीवर ठेवलं.

"तुझ्या घरी ठिव. तिथं ते जपतंय."

उन्हाळ्यात खड्डा उघडला. आंबूस, गोडसर वास माळावर पसरला. सायराबीनं नाकाला पदर लावला. "रामकिसन, लेकरा, हे काय केलंस रे? ही तर ताडी झाली! माझी म्हैस मुसलमानाची हाय, पिऊन धिंगाना घालंल न्हवं!" भुरीनं आधी फुसकारा सोडला, तोंड फिरवलं. मग एक घास घेतला. मग तिला टोपलीतून मागं ओढायला गफारला दोन्ही हात लागले. सगळं गाव जनावरं घेऊन बाजाराला चाललं होतं, तेव्हा या दोन दावणी भरलेल्या होत्या.

*

मृग आला. पाऊस पडला. कोंडीराम पाभर घेऊन बांधावर आला, पण औत जुंपेना. "भाबी, मी औंदा मका पेरत न्हाय. तुमचंच पेरू."

"अन् बैल काय हवा खातील? तुमचा पिवळा पेरा. आज. मूठ मीच धरते."

"अन् तुमचा?"

"तुमचा गुडघ्याच्या वर गेल्यावर. तुमचे तुरे झडून जातील, मग माझे यायचे. अन् इहिरीजवळ न्हाय, तिकडं माळाच्या पट्टीत. तिथं गफारनं मेंढरं बसवल्यात."

दोन घरांचा मका वेगळ्या दिवशी पेरायची ही पहिली वेळ. तिनं कोंडीरामाच्या वावरात मूठ धरली. शेवटचं तास संपलं, सगळे बांधावर भाकरी खायला बसले, आणि बांधाच्या अलीकडं विहिरीजवळचा तुकडा नांगरलेला, रिकामा, तसाच होता. कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं.

पुढं बऱ्याच दिवसांनी तिनं गाडगं मागवून घेतलं. तेवढ्याशा बियाला पाभर कशाला? गफारनं काठीनं भोकं पाडली आणि ती एकेक दाणा टाकत मागून चालली. उशिराचा पेरा, पाऊस लवकर सरला असता तर सगळं संपलं असतं. त्या साली पाऊस टिकला.

दसऱ्याच्या आगंमागं मका चिकात आला. सायराबी पट्टीकडं निघाली आणि उंबऱ्यावरून माघारी फिरली. पटका संपला होता. तिनं पेटीतून हिरवं लुगडं काढलं, इतकी वर्षं माघारी न दिलेलं, आणि त्याचा काठ टर्रकन फाडला.

विठाबाई आणि कोंडीराम बांधावर थांबले. आत शिरायची त्यांची हिंमत होईना. गफार तर त्याहून मागं. मक्यातून आवाज यायला लागला. "तू न्हाय. तुझा पदर बघ जरा. तू बी न्हाय, लई उंच झालीस, शेंडा बघाया मान दुखती..." मग आवाज थांबला. पान बाजूला केल्याची खसखस आली.

विठाबाईला दम निघेना. "भाबी! पांढरं हाय का गं?"

ताटं हलली. पुन्हा एकदा खसखस, मग थोडं पुढं, मग आणखी थोडं पुढं.

"ए भाबी! बोल की! जीव घेतीस का आमचा?"

"तुझ्या लुगड्याचा काठ संपाया लागला गं," मक्यातून सायराबीचा आवाज आला. "हिकडं ये अन् गाठी मारू लाग. मला एकटीला पुरं पडंना."